बागेतली दुसरी फेरी

पायवाल्यांना पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला हमखास वाटायचं, की हा गृहस्थ शिष्ट आहे. कारण ते तोंडाकडे बघतच नसत. समोरचा दारातून आत आला की त्यांची नजर थेट त्याच्या गुडघ्याखाली जायची आणि तो खुर्चीत टेकेपर्यंत तिथेच राहायची. मग कसे आहात, बरे आहात हे सगळं बाजूला राहायचं आणि हे विचारायचे, कंबर उजवीकडे दुखते का हो? आणि ती दुखत असायचीच. त्यांची बायको चारचौघांत सांगायची, की माझा चेहरा यांनी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पाहिला, तोही मला गालगुंड झालं होतं म्हणून. लोक हसायचे. पायवालेही हसायचे आणि हसता हसता हसणाऱ्यांचे बूट बघायचे.

त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. एकतीस वर्षं हा माणूस नकली पाय बनवत होता, त्यामुळे मोठ्यांना ते पायवाले आणि लहानांना पायवाले काका. वडील सुतार. एकोणिसाव्या वर्षी जुन्या इस्पितळाच्या मागच्या कार्यशाळेत ते खिडकीची तावदानं बसवायला गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने हातात कानस दिली, म्हणाला, जरा एवढं घासून दे. ते जे घासायला बसले ते उठलेच नाहीत. तावदानं पुढे दुसऱ्याच कुणीतरी बसवली.

ही कार्यशाळा म्हणजे इस्पितळाचा पूर्वीचा धुलाईखाना. एका सेवाभावी संस्थेने तो चालवायला घेतला होता. पाणी वाहून जावं म्हणून जमिनीला दिलेला उतार अजून तसाच होता, म्हणून प्रत्येक टेबलाच्या दोन पायांखाली लाकडाच्या चकत्या सारलेल्या. प्लॅस्टरची भुकटी सगळीकडे. दुपारी डबा उघडायला बसले की पायवाल्यांच्या भुवया पांढऱ्याफटक दिसायच्या. मदतीला एक मुलगी होती. आता मुलगी कसली, पस्तिशीची बाई, पण आली तेव्हा मुलगी होती आणि दुसऱ्या टेबलावर बसायची, म्हणून तिला अजून दुसऱ्या टेबलावरची ताई म्हणत. तिचा हात चांगला होता. शेवटचा शब्द मात्र पायवाल्यांचा.

काम सांगायला सोपं आहे. उरलेल्या पायाला ओलं प्लॅस्टर गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात पुन्हा प्लॅस्टर ओतून हुबेहूब तसा आकार काढायचा आणि मग तो कानशीने घासत बसायचं. जिथे मांस भार सोसेल तिथे खरवडायचं, जिथे हाड टेकेल तिथे थर चढवून जागा सोडायची. त्या आकारावर सॉकेट बनतं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. केसाएवढी चूक झाली तरी माणूस दिवसभर त्या चुकीवर उभा राहतो. पायवाल्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की ताई त्यांच्या पाठीमागे ओठ हलवून नक्कल करायची.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. पाय मागायला आलेल्या माणसाला ते म्हणायचे, आधी बूट दाखवा. पाय नाही आणि हा बूट मागतो, म्हणून काही जण चिडायचे. पण त्यात थट्टा नव्हती. ते बनवत असलेला पाय घोट्यात वाकत नसे. बुटाची टाच जेवढी उंच, तेवढं धरूनच तो सगळा पाय उभा करावा लागे. उद्या त्याच पायाला दोन बोटं उंच टाचेचा बूट घातला, तर अख्खा पाय पुढे कलतो, गुडघा प्रत्येक पावलाला पुढे ढकलला जातो आणि नडगीचं कापलेलं टोक वाटीच्या भिंतीवर घासत राहतं. चालणाऱ्याला वाटतं, आपण कायम उतारावर आहोत. बघणाऱ्याला काहीच वाटत नाही. म्हणून भिंतीवर त्यांनी स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहून ठेवलं होतं: बूट बदलण्याआधी विचारा.

बारकी त्यांच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. रस्त्यावरच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. मामाने कडेवर घेऊन आणलं होतं आणि ती मामाचा कान घट्ट धरून बसली होती. वाढत्या वयाच्या पोराला दर वर्ष-दीड वर्षाने नवा पाय लागतो. पायवाल्यांनी तिला आठ पाय बनवून दिले. त्यातल्या कुठल्या पायाला काय खोड होती हे ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकत. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते याबद्दल कधी बोलत नसत, पण बारकी यायची त्या दिवशी डब्यातला एक कप्पा जास्त भरून न्यायचे, आणि बायको न विचारता भरून द्यायची.

या मुलीची एक सवय होती, ती कुरकुर करायचीच नाही. दुखलं तरी दात-ओठ खाऊन चालायची. सुरुवातीला त्यांना तिचा राग यायचा. मग त्यांनीच तोडगा काढला. म्हणाले, तू काही बोलू नकोस, फक्त चाल, कुठे बिघडलंय ते मी बघून सांगतो. आणि ते अचूक सांगत. धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मधून ती जायची, वळायची, यायची आणि आली की यांच्या तोंडाकडे बघायची. हे खाली बघत असायचे. मग एकदा कधीतरी मान वर करून ते होकाराने हलवत, आणि पाय झाला. दुखतं की नाही, हे बारकी बारा वर्षं स्वतःच्या पायाला न विचारता पायवाल्यांना विचारत आली. त्यांना याचा केवढा अभिमान होता. आता मागे वळून बघितलं तर खोट तिथेच होती, पण अभिमान वाटत असताना खोट कुणाला दिसते?

एकोणिसाव्या वर्षी बारकीला नोकरी लागली. लागली म्हणजे लागल्यासारखी. औषधाच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर, पंधरा दिवस बघू म्हणून. मालक सरळ माणूस होता. त्याने सांगून टाकलं, की बसायला मिळणार नाही, सकाळी नऊ ते सहा उभं राहावं लागेल, जमलं तर कायम करीन. घरी मामा आता थकला होता आणि मामी बारकीकडे बघून मोठ्याने काही म्हणत नसली तरी भांडी मोठ्याने ठेवायची. बारकीला ही नोकरी काय वाट्टेल ते करून हवी होती. जुना पाय सैल झाला होता, म्हणून पायवाल्यांनी रात्रीचा दिवस न करता, पण रोज तास-दीड तास जास्त थांबून नवा पाय केला. कॅनव्हासच्या सपाट बुटांवर लावून दिला. कातडी नव्या वाटीला सरावायला दोन-तीन आठवडे लागतात, ते त्यांनी बजावलं. नोकरी सुरू व्हायची होती सोमवारी. पाय देऊन अकरा दिवस झाले होते, आणि मधे आला तो शनिवार.

शहरात तरुण नोकरदारांचा एक गट होता. कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणी बँकेत, बरेचसे कॉम्प्युटरवाले. वर्षातून एकदा ते तळ्याकाठच्या बागेत संध्याकाळची मोठी झगमगाटी पार्टी करत आणि तिची कमाई एखाद्या संस्थेला देत. त्या वर्षी त्यांनी ही कार्यशाळा निवडली. संस्थेच्या सेक्रेटरीबाई जाड कागदाचं निमंत्रण घेऊन स्वतः धुलाईखान्यात आल्या, ओढणी नाकाला लावूनच. पायवाल्यांचा सत्कार होणार होता. बारकी सगळ्यांसमोर चालून दाखवणार होती. निमंत्रणावर खाली लिहिलं होतं, पोशाख पांढरा आणि चंदेरी.

पायवाल्यांकडे पांढरं म्हणजे भुवया तेवढ्या होत्या. बायकोने साडूचा कोट मागून आणला. साडू अंगाने आडवा, त्यामुळे खांदे उतरत होते. तिने आतून टाके घातले, टाके घालता घालता बोलत राहिली, की एकतीस वर्षांत यांना कुणी चहाला बोलावलं नाही आणि आता एकदम तळ्याकाठी. मग कोटाचे खिसे चाचपून बघितले तर डाव्या खिशात बोटभर लांब षटकोनी किल्ली. पायाचे स्क्रू सैल-घट्ट करायची ती किल्ली पायवाले अंगावरून कधी उतरवत नसत. तिने काढून ठेवली, त्यांनी परत घातली. राहू दे गं, नसली की उघडं वाटतं, असं काहीतरी ते पुटपुटले.

बाग सुंदर होती, यात वाद नाही. ऊन कलायला लागलं होतं. हिरवळ तळ्याकडे उतरत गेलेली, झाडांमधून दिव्यांच्या माळा, गोल टेबलांवर पांढरे कपडे आणि त्यावर इतके पेले, की एका माणसाला एवढे कशाला लागतात हे बायको टेबलाखालून कोपराने विचारत राहिली. सगळी मुलं पंचवीस ते पस्तीसमधली. नीटनेटकी, हसरी, आणि आपण आज काहीतरी चांगलं करतोय याचा आनंद चेहऱ्यावर. चांगलं करतच होती. त्यांच्यावर राग धरायला काही जागा नाही, हीच तर खरी अडचण आहे. या गोष्टीत एकही वाईट माणूस नाही.

या सगळ्याचा पुढारी होता एक कुरळ्या केसांचा वकील. त्याने पायवाल्यांना अगदी पुढच्या टेबलावर बसवलं, स्वतः खुर्ची ओढून दिली. कधी नव्हे ते पायवाल्यांनीही त्या दिवशी लोकांच्या तोंडांकडे बघायचा प्रयत्न केला. बायकोने तसं बजावूनच आणलं होतं. पण डोळ्यांना लागलेलं वळण असं जातं का? टेबलांच्या पलीकडून कुणीतरी गवतावरून येत होतं, आणि चेहरा दिसायच्या आत त्यांना पाऊल दिसलं. डावा गुडघा टाच टेकताक्षणी पुढे झटकत होता. पाऊल आखूड पडत होतं. ती बारकी होती. घोळदार पांढरा पोशाख, आणि पायात चंदेरी सँडल. टाच चांगली अडीच बोटं.

तिचा चेहरा त्यांना शेवटी दिसला. ती इतकी खुशीत होती, की चेहऱ्याची ओळख पटायला त्यांना एक क्षण लागला. तिने पोशाख किंचित वर उचलून सँडल दाखवले. गटातल्या एका मुलीने खास तिच्यासाठी आणलेत, दोन्ही पायांना बरोबर बसले, हे सांगताना ती पोरीसारखी हसली. तिने आजवर कॅनव्हासच्या बुटांशिवाय काही घातलं नव्हतं.  भिंतीवरच्या त्या वाक्याबद्दल पायवाले तिला तिथल्या तिथे विचारणार होते, तेवढ्यात कुणीतरी तिला फोटोसाठी ओढून नेलं.

ते उठले. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, की ते उठले. सेक्रेटरीबाईंना गाठलं आणि म्हणाले, की तिला तिचे बूट घालू द्या, नाहीतर मला दोन मिनिटं द्या, तिला आडबाजूला बसवून चार स्क्रू फिरवतो, टाच जुळवून घेतो. बाई घाईत होत्या. हसत हसत त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली.

"अहो, पाच मिनिटांचं तर चालायचंय तिला. किती खूश आहे बघा. आणि तुम्हाला आता वर बोलावणार आहेत, कुठे जाऊ नका."

पाच मिनिटं. पाच मिनिटांत काही होत नाही, अशी पायवाल्यांनी मनाची समजूत घातली. सपाट फळ्यांवरून पन्नास पावलं गेली तर कातडी लाल होईल, रविवारी विश्रांती, सोमवारी ठीक. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. ते परत टेबलापाशी आले तर तिथे चार-पाच जण त्यांची वाट बघत होते. एका तरुण डॉक्टरणीने त्यांचे हात हातात घेऊन उलटसुलट बघितले. दुसऱ्याने विचारलं, हाड कुठे आहे हे बोटांना कसं कळतं? कुणीतरी म्हणालं, याचं शिक्षण कुठे घेतलंत? आणि पायवाले सांगू लागले. तावदानांची गोष्ट सांगितली, सगळे हसले. म्हाताऱ्या कारागिराची सांगितली, सगळे गप्प झाले. एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. खोटं कशाला बोला, त्यांना ते फार आवडलं. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती आणि ते बोलत होते. बायको त्यांच्याकडे अशा कौतुकाने बघत होती, की ते बघून ते आणखी बोलत होते.

मग नाव पुकारलं गेलं. तेही खरं नाव, त्यामुळे बायकोने ढोसेपर्यंत ते उठलेच नाहीत. मंचावर त्यांच्या हातात काचेचं एक जड मानचिन्ह दिलं. मंचापासून टेबलांमधून फळ्यांची एक वाट गवतावर टाकली होती, तिच्या टोकापर्यंत जाऊन बारकी परत येणार होती. वाद्यं थांबली. ती निघाली.

पायवाल्यांनी पावलं मोजली. त्यांच्याच्याने राहवेना. जाताना सव्वीस. तिथे वळताना ती किंचित डगमगली आणि लोकांना ते गोड वाटलं. येताना गुडघा जास्तच पुढे जायला लागला होता, आणि भार वाचवायला ती खांदा उजवीकडे टाकत होती. डाव्या हाताची मूठ वळलेली. ती मूठ बघून त्यांना सात वर्षांची बारकी मामाचा कान धरून बसलेली आठवली. तिशीतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, काहींचे डोळे भरले होते. ती परत मंचापाशी पोचली. एकूण त्रेपन्न पावलं. झालं एकदाचं, असं म्हणून पायवाल्यांनी श्वास सोडला.

आणि कुरळा वकील माईकवर म्हणाला, की मागच्या टेबलांवरून ओरडा होतोय, त्यांना काहीच दिसलं नाही. अजून एक फेरी, या वेळी पार तळ्यापर्यंत. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. बारकी हसली. हसताना तिचा वरचा ओठ घामाने चमकत होता. तिने मंचावर बघितलं. वकिलाकडे नाही, पायवाल्यांकडे. तो मुलगा हुशार होता, त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्याने माईक यांच्या तोंडासमोर धरला.

"काका, पाय तुमचा आहे, तुम्हीच सांगा. चालेल ना?"

दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. अशा वेळी जीभ टाळ्याला चिकटते म्हणतात, पण जिभेचा दोष नव्हता. नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागणार. मग सगळ्यांच्या देखत तिचा पोशाख वर होणार, पाय निघणार, सँडल आणणाऱ्या पोरीचं तोंड पडणार, आणि ज्याच्या हातात आत्ताच मानचिन्ह दिलं त्याच्याच पायात काहीतरी बिघडलंय असं लोकांना वाटणार. हे शेवटचं होतं. बाकीची कारणं त्यांनी नंतर जोडली. ज्या हातांकडे लोक मघाशी एवढ्या कौतुकाने बघत होते, त्या हातांनी केलेल्या पायाबद्दल त्या क्षणी कुणी शंका घ्यावी, हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्यांनी मान हलवली. होकाराने.

बारकी वळली आणि चालू लागली. फळ्या संपल्या, पुढे गवत. बारीक टाच गवतात रुतायची, ती उपसून पुढचं पाऊल. तळ्यापर्यंत उतार होता आणि येताना चढ. मागच्या टेबलांवरच्या लोकांनी तिच्याशी हात मिळवले, तिला थांबवून फोटो काढले, पुन्हा चालवलं. पायवाल्यांनी या वेळी मोजलं नाही. ते मानचिन्हाकडे बघत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच चालणाऱ्या माणसाकडे त्यांनी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी बेचाळीस नवे पाय करता येतील एवढ्याचं वचन मिळालं. बेचाळीस माणसं त्यामुळे उभी राहणार होती, आणि पुढे राहिलीही. घरी जाताना बायको भरभरून बोलत होती. मग तिच्या लक्षात आलं, की आपण एकटीच बोलतोय. तिने विचारलं, काय झालं हो? काही नाही, दमलो, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. रविवारी सकाळी मामाच्या घरी जाऊन पाय बघून यावं असं त्यांच्या मनात तीनदा आलं. तिन्ही वेळा त्यांनी बूट घातले आणि काढून ठेवले. आपण गेलो म्हणजे काहीतरी चुकलंय हे कबूल केल्यासारखं होईल, आणि न जाता सगळं आपोआप बरं होईल, अशी एक वेडी आशा माणसाला असते.

बारकी मंगळवारी आली. कुबड्या घेऊन, नवा पाय पिशवीत. दुसऱ्या टेबलावरच्या ताईने तिला दारातून हात धरून आणलं आणि खुर्ची दिली. पायवाल्यांनी पुढ्यात बसून पट्टी सोडली. नडगीच्या टोकावरची कातडी मोठ्या नाण्याएवढी गेली होती, आत ओलं लाल, कडा पांढुरक्या. ताईने बघितलं आणि ती गरम पाणी आणायला गेली. ते पाणी आणायला एवढा वेळ लागत नाही.

बारकीने सगळं अगदी साध्या आवाजात सांगितलं. रविवारी सूज होती. सोमवारी तिने उरलेल्या पायावर दोन मोजे जास्त चढवले आणि गेली. दुपारी दोनपर्यंत उभी राहिली. मग मोजा ओला लागला. काउंटरखाली पाय सैल करून बघितलं तर मोजा रक्ताने भिजलेला. मालकाने स्वतः स्टूल आणून दिलं, जे मिळणार नाही म्हणाला होता ते. रिक्षा बोलावून घरी पाठवलं. आज सकाळी त्याचा फोन आला. बरी हो, काळजी घे, पण मला माणूस लगेच हवाय, दुसरी एक मुलगी उद्यापासून येतेय. चांगला बोलला, असंही ती म्हणाली.

किती दिवस पाय घालायचा नाही, ते तिने विचारलं. पायवाले म्हणाले, सहा आठवडे. तिने मान डोलावली. मामीला काय सांगायचं याचा ती बहुतेक विचार करत होती. पायवाल्यांना ते बघवेना. त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज उगाचच चढला, जणू चूक तिची होती.

"दुखत होतं तर थांबायचं नाही का? तू बोलली का नाहीस?"

"दुखत होतं," बारकी म्हणाली. "पण तुम्ही मान हलवलीत ना. मला वाटलं, नवा पाय आहे, एवढं दुखत असेल."

आता गप्प बसता आलं असतं. मुलीने स्वतःच वाट करून दिली होती. नवा पाय, कोवळी कातडी, होतं असं कधीकधी, एवढं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं, आणि बारा वर्षांचं सगळं होतं तसं राहिलं असतं. पायवाल्यांनी हातातली पट्टी गुंडाळली, परत सोडली. मग पहिल्यांदाच, पायाकडे न बघता, तिच्या तोंडाकडे बघून ते बोलले.

"मला दिसत होतं."

"दुसऱ्या फेरीत?"

"तू गवतावरून येत होतीस, तेव्हापासून. किल्ली माझ्या खिशात होती."

 बारकी रडली असती, ओरडली असती, तर पायवाल्यांना ते चाललं असतं. तिने फक्त त्यांच्याकडे नीट बघितलं, नवीन माणसाकडे बघतात तसं. तोवर ताई पाणी घेऊन आली होती. जखम पुसून नवी पट्टी त्या दोघींनीच बांधली. पायवाले शेजारी कात्री धरून उभे होते. मग बारकीने पिशवी गळ्यात अडकवली, कुबड्या काखेत घेतल्या आणि उठली. दारापर्यंत गेली, तिथे थांबली. तिला मोठ्या माणसांशी वाकडं बोलता येत नसे, म्हणून तिने ते फार अदबीने विचारलं.

"काका, पुढच्या वेळचं माप ताईंनी घेतलं तर चालेल का?"

पायवाले म्हणाले, चालेल. मग त्यांनी कपाटातून तिचं कार्ड काढलं, बारा वर्षांचं, मळलेलं, प्रत्येक ओळीत त्यांचंच अक्षर असलेलं, आणि ते दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवलं.